सतराव्या ओळीतले साडेसात मीटर

३ फेब्रुवारी

दादा,

मायन्यात काय लिहावे याचा थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. जिव्हाळ्याचे काही लिहिले तर तू हसशील, रीतसर नमस्कार लिहिला तर वहिनी हसतील, आणि तुम्हा दोघांच्या करमणुकीसाठी मी हे पत्र लिहीत नाही. मला माहिती हवी आहे. ती तांत्रिक आहे, ती तुझ्याखेरीज कोणाकडेही नाही, आणि अठरा तारखेच्या आत ती मला लेखी हवी आहे.

आपण बोललो नाही त्याला चौदावे वर्ष चालू आहे, हे मला मोजून माहीत आहे. बाबांच्या शेवटच्या आजारात आपण एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसलो आणि औषधाच्या वेळा नर्सकरवी एकमेकांना कळवल्या. तेव्हा जे बोललो नाही ते आता बोलावे असा माझा आग्रह नाही.

विषय असा. गरम पाण्याच्या टाकीवर दुसरा पंप बसतो आहे. तू चालवत होतास त्याच्या शेजारी, त्याच्यासारखाच तीन प्लंजरचा म्हणजे दट्ट्यांचा, त्याच टाकीतून पाणी घेणारा. नळाचा नकाशा म्हणजे जुन्या नकाशाची आरशातली प्रत. गणित माझ्या एका सहकाऱ्याने केले आहे. हे गृहस्थ बारा महिने गळ्यात टाय बांधतात, म्हणून सारे कार्यालय त्यांना टायसाहेब म्हणते. अक्षर सुरेख, डोके भाड्याने दिलेले. पंपाच्या गणिताच्या आमच्या छापील फॉर्मात सतरावी ओळ आहे : ॲक्सिलरेशन हेड. त्या ओळीवर त्यांनी पट्टीने आडवी रेघ मारून पुढे 'लागू नाही' असे लिहिले आहे. मी कागद सहीविना परत पाठवला.

हे तुला समजावून सांगण्याची गरज नाही. पण व्याख्या दिल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. पंख्याचा पंप पाणी सलग ओढतो. दट्ट्याचा पंप, ज्याला आम्ही रेसिप्रोकेटिंग म्हणतो, तो घोट घेतो. दर घोटाला टाकीपासून पंपापर्यंतच्या नळातले सगळे पाणी जागचे हलवावे लागते, त्याला वेग द्यावा लागतो आणि लगेच आवरावेही लागते. चालती हातगाडी ढकलणे वेगळे. भरलेली, उभी हातगाडी मिनिटाला शेकडो वेळा जागची हलवणे वेगळे. त्या हिसक्यात जेवढा दाब खर्च होतो, तेच ॲक्सिलरेशन हेड; तेवढा दाब पंपाच्या तोंडाशी मिळणाऱ्या दाबातून वजा केला पाहिजे. केला नाही, तर कागदावर दाब भरपूर दिसतो, आणि प्रत्यक्षात पंपाच्या तोंडाशी गरम पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, नळ हादरतो, आणि एक दिवस जोड उकलतो.

तो जोड उकलला तेव्हा तू तिथे होतास. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला धावलास आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतलास. म्हणून विचारते. पंपाचे फेरे वाढवल्यावर आवाज कसा होता, नेमका कुठून येत होता, सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळाच्या, दाबमापकाचा काटा किती थरथरत होता, आणि त्या नळाच्या प्लगमध्ये, म्हणजे बुचात, तू सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह का बसवलास? शेवटच्या प्रश्नाला चौकशीत तू उत्तर दिलेस ते असे : 'बसवावासा वाटला म्हणून बसवला.' असल्या उत्तरांनी माणसाची नोकरी जाते, दादा. तुझी गेली.

नुकतेच मी जुने कागद काढून ते गणित पुन्हा तपासले. त्यात मला एक शंका दिसते. तुझ्या उत्तराने तिचे निरसन होईल, एवढाच या पत्राचा हेतू. ही माफी आहे असा समज करून घेऊ नये.

तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझे उत्तर मिळाले. ते वहीचे पान फाडून लिहिले आहेस, तारीख टाकलेली नाहीस, आणि सुरुवात अशी केली आहेस : 'दशांशबाई, तुझं पत्र पोचलं. दोन ठिकाणी स्वल्पविराम जास्त आहेत.' मी पत्राची प्रत काढून तपासली. एका ठिकाणी जास्त आहे. दुसऱ्या ठिकाणचा बरोबर आहे.

बाकीचे उत्तर मात्र कोणत्याही अभियंत्याने लिहावे असे आहे, आणि हे मी सहसा कोणाविषयी म्हणत नाही. तुझेच शब्द उतरवते, कारण हे पान मी बैठकीपुढे ठेवणार आहे :

'पुली बदलून फेरे दोनशेवर नेले त्या दिवसापासून आवाज. पत्र्याच्या डब्यात खडी घालून कोणीतरी हलवतंय असा. त्याआधी एकशेवीसवर पंप नुसता गुरगुरायचा. काटा थरथरत होता म्हणतेस? काटा दिसतच नव्हता, पंख्याच्या पात्यासारखा झाला होता. मी तीनदा लिहून कळवलं. उत्तर आलं, डिझाईनने गणित तपासलंय, पंप सोसेल. डिझाईन म्हणजे तू. मग घरच्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढला, प्लगला भोक पाडलं, बसवला. त्यातून हवा आत येते, पाणी बाहेर जात नाही. पंपाने घोट घेतला की पाण्याबरोबर चिमूटभर हवा पितो. हवा दबते, हिसका तीच खाते. आवाज बंद. एकोणीस दिवस बंद. मग तपासणीवाले आले, हे काय लावलंय म्हणाले, व्हॉल्व्ह काढायला लावला, भोकात प्लग ठोकला. तिसऱ्या दिवशी जोड गेला. आणि चौकशीत लिहिलं काय, तर चालकाने भोक पाडलं म्हणून हवा शिरली, हवा शिरली म्हणून नळ हादरला. भोक बुजवल्यावर फुटला हे कोणी विचारलंच नाही.'

आता माझे. एकशेवीस फेऱ्यांना त्या नळातला हिसका भरतो दोन पूर्णांक एकाहत्तर मीटर पाण्याइतका. दोनशे फेऱ्यांना पाण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून हिसका वर्गाने वाढतो : सात पूर्णांक त्रेपन्न. मूळ गणिताप्रमाणे पंपाच्या तोंडाशी दाब होता नऊ पूर्णांक त्र्याण्णव मीटर, आणि पंपाला हवा होता साडेचार. दुप्पट शिल्लक, असे वाटते ना? त्यातून साडेसात वजा कर. दोन पूर्णांक चाळीस उरतात. पंप निम्म्या दाबावर चालत होता. तुला ऐकू आलेली खडी म्हणजे हे साडेसात मीटर.

कारखान्यातले हुशार लोक आज या कामासाठी एक बाटली विकत घेतात. तिच्यात वायू भरलेला असतो, ती सक्शनला पंपाच्या अगदी जवळ लावतात आणि तिला डॅम्पनर म्हणतात. तिचे काम एवढेच : हिसका खाणे. तू ती सायकलच्या ट्यूबमधून काढलीस. काटेकोरपणे पाहता तुझा उपाय तात्पुरता होता, नोंद न करता केलेला होता, आणि त्याने पंपाची कार्यक्षमता चार-पाच टक्क्यांनी घटली असणार. पण त्याचे तत्त्व निर्दोष होते. माझ्या ओळखीतल्या सगळ्या पदवीधरांत मिळून एवढी अक्कल त्या महिन्यात नव्हती.

पत्राच्या शेवटी तू विचारतोस : 'चौकशीत हे का सांगितलं नाही म्हणतेस. सांगणार होतो. माझ्या आधी तू बोललीस. आता मी एकच विचारतो. तुला कधी कळलं?'

हा प्रश्न तांत्रिक नाही. बैठक वीस तारखेला आहे.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनींचा फोन आला, कार्यालयाच्या नंबरावर, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी तुला सांगितले असेल किंवा नसेल, म्हणून लिहिते. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुमचं दुसरं पत्र ह्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमच्या नावाने शंख केला. पण ते चाळीस मीटर की काय ते, ते दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात."

मी म्हटले, "वहिनी, दोन पूर्णांक चाळीस."

"तेच ते. पण त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलंय म्हणे, आणि तुम्ही त्याला बगल दिलीत. विजेच्या मोटारी दुरुस्त करतोय माणूस, पण चित्त थाऱ्यावर नाही. परवा मोटारीची चांगली गुंडाळलेली तार उलगडून पुन्हा गुंडाळली. काय असेल ते एकदा लिहून टाका ना. एवढ्या शिकलेल्या तुम्ही!"

एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. शिकलेल्या माणसाला गप्प करण्याची त्यांची ही पद्धत मला आवडली नाही, पण ती लागू पडते.

त्याच दुपारी आमच्या विभागप्रमुखांनी मला आत बोलावले. टायसाहेब तिथे आधीच बसले होते, मांडीवर फाईल, चेहऱ्यावर सौजन्य.

"मॅडम," टायसाहेब म्हणाले, "मी सतरावी ओळ का खोडली सांगतो. शेजारच्या पंपाचं तुमचंच गणित माझ्यापुढे होतं. त्यात ॲक्सिलरेशन हेड नाही. तो पंप आजही चालतोय. एकदा जोड फुटला, तो चालकाच्या चुकीने. चौकशीचा अहवालच आहे. मग मी वेगळं काय करायचं होतं?"

"तो पंप आज एकशेवीस फेऱ्यांवर चालतो," मी म्हटले. "अपघातानंतर पुली गुपचूप परत बदलली. त्याचा अहवाल कुठे आहे?"

"तो माझा विभाग नाही. पण एक कुतूहल आहे. फॉर्मात सतरावी ओळ तुम्हीच घातलीत. फॉर्म बदलल्याची तारीख आहे त्या वर्षीचा सप्टेंबर. चौकशी जुलैची. मधे असं काय झालं, मॅडम?"

भाड्याने दिलेले डोके त्यांनी त्या दिवसापुरते परत आणले होते, हे मान्य करते.

विभागप्रमुख हसले. ते वाईट गृहस्थ नाहीत; वाद मिटवण्यात त्यांचा हातखंडा आहे, एवढेच. म्हणाले, "हे बघा, तुमचं सगळं मान्य. डॅम्पनर लावू. चार इंची नळ सहा इंची करू. सतरावी ओळ भरू. नवा पंप तुमच्या मनासारखा होईल. टिपणात फक्त 'खबरदारी म्हणून' असं लिहा. जुन्या पंपाचा उल्लेख नको."

"आणि जुन्या पंपाचा चालक?"

"तो विषय मिटला."

"मिटला नाही. मिटवला."

"फरक काय पडतो? मॅडम, जूनमध्ये मी निवृत्त होतोय. ही खुर्ची तुमचीच आहे. बसायच्या आधी तिचा पाय कशाला कापता?"

म्हणजे असे बघ. पंप सुरक्षित होणार, माझे नाव राहणार, मला खुर्ची मिळणार, आणि बदल्यात कोणाचेही नवीन नुकसान नाही. जुने होते ते तसेच राहणार : तुझ्या नावापुढे 'निष्काळजीपणामुळे बडतर्फ'. मी विचाराला तीन दिवस मागितले. लगेच नाही म्हणाले नाही, हे तुला कळलेले बरे.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. पहिल्या पत्रात मी 'नुकतेच' असे लिहिले होते. ते खोटे आहे.

चौकशी झाली तेव्हा मला ठाऊक नव्हते. 'माझ्या गणितात चूक नाही' हे वाक्य मी तुझ्यासमोर उच्चारले तेव्हा ते मनापासून खरे मानले होते. आमच्याकडे तेव्हा एकच छापील फॉर्म होता, पंख्याच्या पंपांसाठी केलेला, सोळा ओळींचा. पंख्याच्या पंपाला हिसका नसतो, म्हणून हिसक्याची ओळ नव्हती. मी सोळाही ओळी दोन दशांशांपर्यंत भरल्या, दोनदा पडताळल्या, खाली रेघ मारली. सतरावी गोष्ट जगात असू शकते हे माझ्या मनातही आले नाही, कारण ती छापलेली नव्हती. तू तीनदा कळवलेस तेव्हा मी तोच कागद तिसऱ्यांदा पडताळला. त्यातली प्रत्येक ओळ बरोबर होती.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कामासाठी एका पंपाचे माहितीपुस्तक आले. त्यात हे सूत्र होते. मी ते तुझ्या पंपाला लावले. चार मिनिटे लागली. सात पूर्णांक त्रेपन्न हा आकडा आला, तो मी पाहिला, कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच आठवड्यात नवा सतरा ओळींचा फॉर्म छापून घेतला. तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेला एकही पंप खडखडलेला नाही. मी स्वतःला सांगत आले की हीच भरपाई. तेरा वर्षे पाच महिने सांगत आले.

का बोलले नाही? भीती वाटली असे लिहिले तर तुला माझी दया येईल, आणि ते खरेही नाही. मला भीती वाटली नाही. मला चुकलेली व्हायचे नव्हते. तू गप्प बसलास तो रागाने की माझ्यासाठी, हे मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. रागाने असेल तर मला तो सोसेल. माझ्यासाठी असेल तर सोसणार नाही.

हे पत्र मी दुसऱ्यांदा वाचणार नाही. वाचले तर सुधारीन.

तुझी बहीण


२१ फेब्रुवारी

दादा,

काल बैठक झाली. कोणाच्या ऐकीव गोष्टीवर विसंबू नयेस म्हणून काय घडले ते क्रमाने लिहिते.

कारखानाप्रमुख मध्यभागी, विभागप्रमुख त्यांच्या उजवीकडे, टायसाहेब भिंतीजवळ. मी 'खबरदारी म्हणून' असे टिपण लिहिलेले नाही हे विभागप्रमुखांना माझ्या हातातला कागद पाहूनच कळले असावे. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मी जुने गणित सर्वांपुढे ठेवले, सोळा ओळींचे, माझ्या सहीचे. सतरावी ओळ हाताने खाली लिहिली आणि सर्वांसमक्ष वजाबाकी केली. मग तुझे वहीचे पान वाचले. 'भोक बुजवल्यावर फुटला हे कोणी विचारलंच नाही' इथे मी थांबले आणि वाट पाहिली. कोणी काही विचारले नाही.

शेवटी कारखानाप्रमुख म्हणाले, "हे गणित कोणाचं?"

"माझं."

"मग चूक कोणाची?"

"माझी."

आणि इथे टायसाहेबांनी मला चकित केले. ते उठले आणि म्हणाले, "पण सर, फॉर्ममध्ये तेव्हा ही ओळच नव्हती. मॅडमना वैयक्तिक दोष देता येणार नाही. ही पद्धतीची उणीव म्हणावी लागेल."

सगळ्यांचे चेहरे खुलले. पद्धतीची उणीव! तिला आई ना बाप, तिला कोणी बडतर्फ करत नाही. विभागप्रमुख तर लिहून घ्यायलाही लागले. मला मान डोलावण्यापलीकडे काही करायचे नव्हते.

मी म्हटले, "फॉर्म पंख्याच्या पंपाचा होता. पंप दट्ट्याचा होता. फॉर्म निवडणारी मी होते."

"मॅडम, तुम्हाला वाचवतोय आम्ही," विभागप्रमुख दबक्या आवाजात म्हणाले.

"मला वाचवायची गरज नाही. चौदा वर्षांपूर्वी एका माणसाला वाचवायची होती. तेव्हा या खोलीत कोणालाच वेळ नव्हता."

कारखानाप्रमुखांनी विचारले, "तो चालक तुमचा कोण?"

"भाऊ."

"अस्सं!" ते खुर्चीत मागे रेलले. "मग हे सगळं भावासाठी चाललंय."

दादा, त्या क्षणी मला जो संताप आला तो मी लिहून दाखवू शकत नाही. चौदा वर्षे मी जे केले ते भावाविरुद्ध केले आणि कोणीही त्याला पक्षपात म्हटले नाही. आज खरे बोलले तर तो पक्षपात. मी म्हटले, "साहेब, हा आकडा भावाचा असता तर मी बदलला असता. तो पाण्याचा आहे. तो कोणाचंच ऐकत नाही."

निर्णय असा : नव्या पंपाला डॅम्पनर आणि सहा इंची नळ मंजूर. जुना अहवाल बदलता येणार नाही, चौकशी बंद झालेली आहे. माझे म्हणणे इतिवृत्तात घ्यायचे नाही. बाहेर पडताना विभागप्रमुख म्हणाले, "खुर्चीबद्दल मी आता काही बोलू शकत नाही." मी म्हटले, "बोलू नका. इतकी वर्षे तुम्ही बसलेली खुर्ची ती, तशीही खचलेलीच असेल." हे उद्गार अनावश्यक होते. मला त्यांचा पश्चात्ताप नाही.

एवढ्यावर हा विषय संपला असे त्यांना वाटते. त्यांनी माझे नियम वाचलेले नाहीत.

तुझी बहीण


६ मार्च

दादा,

सोबत एक कागद जोडला आहे. तो आधी वाचू नकोस. आधी हे वाच.

नऊ वर्षांपूर्वी गणितांच्या नोंदवहीचे नियम मी लिहिले. लोकांना शिस्त लागावी म्हणून लिहिले होते, आणि लोकांनी मला त्याबद्दल पुष्कळ शिव्या घातल्या. त्यातला अकरावा नियम असा : गणित करणाऱ्याला स्वतःच्या गणितात चूक आढळली तर त्याने सुधारित आवृत्ती काढलीच पाहिजे. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. आवृत्तीत बदलाचे कारण लिहिले पाहिजे, आणि मूळ गणित ज्यांना ज्यांना गेले त्या प्रत्येकाला नवी प्रत गेली पाहिजे. चौकशीचा अहवाल कारखान्याचा आहे. तो मी बदलू शकत नाही. गणित माझे आहे.

सोमवारी मी चौदा वर्षांपूर्वीच्या गणिताची सुधारित आवृत्ती काढली. मूळ प्रती पाच होत्या : उत्पादन, देखभाल, नोंदवही, सुरक्षा निरीक्षक, विमा कंपनी. पाचही गेल्या. बदलाचे कारण मी असे लिहिले :

'मूळ गणितात ॲक्सिलरेशन हेड धरलेले नव्हते. दोनशे फेऱ्यांना ते सात पूर्णांक त्रेपन्न मीटर होते. सक्शनचा जोड फुटण्याचे कारण हेच. चालकाने बसवलेला हवेचा व्हॉल्व्ह हे अपघाताचे कारण नव्हते. तो अपघातावरचा उपाय होता, आणि तो काढून टाकल्यावर अपघात झाला. गणित करणारीला हे चौकशीनंतर दोन महिन्यांनी कळले. तिने ते लपवले.'

शेवटची दोन वाक्ये नियमाप्रमाणे आवश्यक नव्हती. ती नसती तर कागद अपुरा राहिला असता, आणि अपुरा कागद मी बाहेर सोडत नाही.

मंगळवारी कारखानाप्रमुखांनी फोन केला. "हे मागे घ्या."

"आवृत्ती मागे घेता येत नाही," मी म्हटले. "पुढची काढता येते. तीही मीच काढणार, आणि तिच्यातही हेच असणार."

"तुम्हाला परिणाम माहीत आहेत?"

"पंपांचे चौदा वर्षे शिकले. आता माझे शिकेन."

परिणाम हे की मला घरी बसायला सांगितले आहे, चौकशी होईपर्यंत. आता ती माझी चौकशी. जूनमध्ये खुर्चीवर टायसाहेब बसतील. जाताना मी त्यांना सांगितले की त्या दिवशी त्यांनी मला वाट काढून दिली ती चुकीची होती, पण काढून दिली हे मी विसरणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, सतरावी ओळ मी आता कधी खोडणार नाही." मी म्हटले, "खोडा. पण आधी आकडा काढा, मग खोडा."

आणि बुधवारी सुरक्षा निरीक्षकांचे पत्र आले. त्यांनी जुन्या चौकशीची फाईल मागवली आहे, आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत चालकाविरुद्धचा निष्कर्ष स्थगित केला आहे. स्थगित म्हणजे रद्द नव्हे. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. पण चौदा वर्षांत प्रथमच 'निष्काळजीपणामुळे बडतर्फ' या शब्दांखाली कोणीतरी शंकेची रेघ ओढली आहे. तपासणीत तुला बोलावतील. या वेळी तू आधी बोल. मी तुझ्यानंतर बोलेन, आणि तू म्हणशील त्यात आकडा चुकला तरच तुला अडवीन.

माफी मी याही पत्रात मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हा भार तुझ्यावर येतो, आणि माझ्या चुकीचा भार तुझ्यावर टाकण्याचे काम मी एकदा केलेले आहे.

आता तो कागद. वितरणाच्या यादीत मी सहावी प्रत वाढवली : तत्कालीन पंपचालक. तीच तुझ्या हातात आहे. तिच्या तळाशी पोच आहे. नियम तेरावा : प्रत मिळाल्याची सही पंधरा दिवसांत परत आली पाहिजे. आली नाही, तर काढणाऱ्याने प्रत स्वतः नेऊन समक्ष सही घेतली पाहिजे. पंधरा दिवस एकवीस तारखेला संपतात. बावीसला रविवार आहे, तुझे दुकान बंद असते, म्हणून मी घरी येईन. तू सही आधीच पाठवलीस तर मला यायला नियमाचा आधार राहणार नाही. ते तू ठरव.

पोचेवर 'शेरा' असा रकाना असतो. छापील फॉर्मात तो एका ओळीचा आहे. तुझ्या प्रतीवर मी तो अर्ध्या पानाचा केला आहे. मनात येईल ते लिही, स्वल्पविरामांसकट. मी त्यातले काही दुरुस्त करणार नाही.

तुझी बहीण